नववी ‘क’ ते नववी ‘अ’

१९८४ च्या जूनमध्ये नववी ‘क’चा पट फार वाढला म्हणून हजेरीच्या शेवटच्या सात मुलांना ‘अ’ तुकडीत बसवण्यात आले. माझे आडनाव ‘व’ने सुरू होत असल्याने मी त्या सातांत होतो, गुणांचा त्यात काही संबंध नव्हता. माझ्याच बाकावरचा, गणितात माझ्याहून सरस असलेला मित्र ‘प’मुळे मागे राहिला.

‘अ’मध्ये शिक्षक तेच होते, पुस्तकेही तीच, वेगळ्या होत्या त्या मधल्या सुट्टीतल्या गप्पा. तलाठ्यांचा मुलगा आणि पोस्टमास्तरांची मुलगी दहावीनंतर डिप्लोमा बरा की अकरावी सायन्स, यावर तावातावाने बोलत, आणि ‘तंत्रनिकेतन’ हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो तिथे. १९८६ मध्ये दहावीचा निकाल लागल्यावर तलाठ्यांच्या मुलाने मला सायकलवर डबलसीट तालुक्याला नेले. उत्पन्नाचा दाखला कोणत्या टेबलावर मिळतो, ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीसवलत कशी मागायची, इतकेच नव्हे, तर तंत्रनिकेतनाच्या अर्जावर सही कुठे करायची हेही त्याने बोट ठेवून दाखवले. मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

मित्राला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. त्याने अर्ज केला नाही, कारण असा अर्ज असतो हेच त्याच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते. पुढे मी अभियंता झालो आणि तो साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागला.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात कोटींहून अधिक लोकांच्या फेसबुकवरील मैत्रीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या भागांत गरीब घरच्या मुलांची सुस्थितीतल्यांशी मैत्री अधिक, तिथली मुले मोठेपणी अधिक कमावतात, असे त्यात दिसले. मला अधिक बोचले ते पुढचे निरीक्षण : दोन्ही थरांतली माणसे एकाच ठिकाणी वावरली, तरी मैत्री आपोआप होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहायला आणि एका पंक्तीत जेवायला लावले, ते हे ओळखूनच असावे. आमच्या शाळेत पंगत एकच होती, तुकड्या मात्र गुणांवर पाडलेल्या, आणि गुण बहुधा घरावरून ठरलेले.

मागच्या वर्षी जत्रेत मित्र भेटला. “तेव्हा मला का नाही सांगितलंस?” असे त्याने हसत विचारले. मी विसरलो होतो असेही म्हणता येत नाही. नववीच्या दिवाळीनंतर मी ‘क’च्या व्हरांड्यात जाणेच सोडले होते.