कार्टर रोडवर आज सकाळी
पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडला फिरायला गेले होते. फुटपाथच्या कडेला एक मजूर चादर डोक्यावरून ओढून झोपलेला, उशाशी चपला. माझा पाय पुढे पडेना.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे याच रस्त्यावर, दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली असेच झोपलेले ७ जण गेले. सत्र न्यायालयाने ६ महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं. त्यावर आरोपीचं अपील २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. पण निकालातली एक गोष्ट वाचून आजही जीव तुटतो: ३ वर्षं फारच अपुरी, मात्र सरकारने अपील केलेलं नाही, म्हणून शिक्षा वाढवण्याचा विचार करत नाही.

उच्च न्यायालयात सरकार अपिलात गेलं होतं; मग त्या ७ जिवांसाठी सर्वोच्च न्यायालयात एक अपील करवलं नाही?

तो माणूस कूस बदलून पुन्हा झोपला. मी आवाज न करता वळसा घालून गेले.