अक्षतांच्या वेळी ऑटोमेशनला गप्प बसवायचं कसं

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा प्रतीकात्मक विवाह) लाइव्ह घ्यायचा ठरलं की छोट्या रेडिओ केंद्रात पहिली चर्चा माइकची होते, दुसरी निवेदकाची. सॉफ्टवेअरचा विषय निघतच नाही, कारण ते रोज चालतंच की! ऑटोमेशनला, म्हणजे गाणी-जाहिराती आपोआप लावणाऱ्या सॉफ्टवेअरला, रोजचं काम दोनच ओळींचं असतं: एक संपलं की पुढचं लाव, आणि घड्याळात अमुक वाजले की तमुक लाव. उत्तर कसब्यातून निघालेले सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) संमती कट्ट्याजवळ, म्हणजे सोहळ्याच्या जागी, नक्की किती वाजता पोहोचणार, हे मात्र कुठल्याच लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीत, आधी लिहून ठेवता येत नाही. संमती वाचन (या विवाहातलं मंगलाष्टकांसारखं पठण) ऐन भरात असताना ठोक्याला साबणाची जाहिरात धाडकन लागली, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालून उपयोग नाही. त्याला थांबायला कुणी सांगितलेलंच नसतं.

रिव्हेंडेल हे ऑटोमेशन सॉफ्टवेअर धरून सांगतो, कारण ते फुकट आहे, लिनक्सवर चालतं आणि त्यातल्या संज्ञा स्वच्छ आहेत. रेडिओडीजे, प्लेइट लाइव्ह, एमएअरलिस्ट वापरणाऱ्यांनी नावं बदलून वाचावं. रिव्हेंडेलमध्ये प्रत्येक ध्वनीला एक ‘कार्ट’ क्रमांक असतो (जुन्या टेप कार्ट्रिजवरून आलेला शब्द), आणि लॉग म्हणजे या कार्टची वेळेनुसार लावलेली यादी. यादीतल्या प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण असते. ‘प्ले’ म्हणजे आधीचं पूर्ण संपल्यावर सुरू. ‘सेग्यू’ म्हणजे आधीच्याच्या शेपटीवर चढून सुरू. ‘स्टॉप’ म्हणजे इथे थांब, माणसाने बटण दाबेपर्यंत हलू नको. नवशिके इथेच फसतात, कारण खूण ज्या ओळीवर आहे तिच्या सुरुवातीला लागू होते, शेवटाला नाही. म्हणून ‘स्टॉप’ लाइव्हच्या आधीच्या प्रस्तावनेवर द्यायचा नसतो. तो लाइव्ह संपल्यावर जी पहिली गोष्ट वाजणार आहे, तिच्यावर द्यायचा. मांडणी अशी: १२ सेकंदांची ओळखधून ‘प्ले’, ४० सेकंदांची प्रस्तावना ‘सेग्यू’, आणि त्याखाली समारोपाची धून ‘स्टॉप’. मधल्या रिकाम्या जागेत मिक्सरवरचा मैदानाचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) उघडतो.

आता ठरलेल्या वेळेच्या ओळी, म्हणजे हार्ड स्टार्ट. वेळ झाली आणि आधीचं काही चालू असेल तर काय करायचं, याचे तीन पर्याय मिळतात: लगेच सुरू कर, पुढच्या नंबरला लाव, किंवा इतकी मिनिटं वाट बघ. बरेच जण ‘वाट बघ’ निवडून निर्धास्त होतात. पण मैदानाचा आवाज मिक्सरवरून थेट ट्रान्समीटरकडे जातोय, सॉफ्टवेअरमधून नाही. त्याच्या लेखी त्या वेळी काहीच वाजत नाहीये. मग वाट बघायची कुणाची? वेळ झाली की जाहिरात सुरू. यावर खात्रीचा उपाय एकच: लाइव्हच्या खिडकीतून, आणि तिच्या पुढच्या तासाभरातूनही, सगळ्या हार्ड वेळा काढून टाका. त्या तासाच्या जाहिराती बिनवेळेच्या करून ‘स्टॉप’च्या ओळीखाली रचून ठेवा.

दुसरी एक युक्ती चालते, पण जपून. निव्वळ शांततेची लांब फाइल ‘लाइव्ह’ या नावाने लॉगमध्ये घालायची, तिचा फेडर खाली ठेवायचा. मग सॉफ्टवेअरला काहीतरी चालू असल्याचं दिसतं आणि ‘वाट बघ’ खरंच काम करतं. शिवाय इंटरनेट स्ट्रीमवर शीर्षकही बरोबर दिसतं, नाहीतर तिथे अक्षता पडत असताना आधीच्या गाण्याचं नाव झळकत राहतं. धोका एवढाच की पुढच्या ओळीवर ‘स्टॉप’ नसेल तर फाइल संपली की पुढचं गाणं आपोआप सुटतं. सोहळा दोन तासांचा धरला असेल तर फाइल चार तासांची हवी. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओत ती पावणेतीन जीबी होते, म्हणून मोनो करा.

ऑटो, लाइव्ह असिस्ट आणि मॅन्युअल हे तीन मोड जवळपास सगळीकडे असतात, पण नाव सारखं म्हणून वागणूक सारखी असेलच असं नाही. कुठल्या मोडमध्ये हार्ड वेळ पाळली जाते आणि कुठल्यात साखळी तुटते, हे कागदावर वाचण्यापेक्षा दहा मिनिटांत तपासता येतं. ३० सेकंदांच्या तीन फाइलींचा खोटा लॉग करा, त्यात दोन मिनिटांनंतरची एक हार्ड वेळ टाका, ट्रान्समीटरचा फेडर बंद ठेवून तिन्ही मोडमध्ये चालवा आणि निकाल कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुन्हा तपासा.

एकच आउटपुट असलेल्या साउंड कार्डवर लाइव्ह करू नका, हे माझं ठाम मत आहे. किमान चार आउटपुटचं कार्ड घ्या: पहिली जोडी मुख्य लॉगला, दुसरी साउंड पॅनलला म्हणजे झटपट बटणांना. दोन्ही मिक्सरच्या वेगळ्या फेडरवर. हेडफोनवर आधी ऐकायला तिसरी जोडी असेल तर उत्तम. संगणकाचे स्वतःचे टिंगटाँग आवाज बोर्डवरच्या साध्या कार्डकडे वळवा, नाहीतर कुणाचा तरी मेसेज आल्याचं अख्ख्या सोलापूरला कळतं. विंडोज असेल तर अपडेट आठवडाभर पुढे ढकला आणि पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. मध्येच साउंड कार्ड ‘गायब’ होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

फेडर वेगळे असण्याचा खरा फायदा लाइव्ह संपल्यावर कळतो. समजा मैदानावरून निरोप १३:४७:२० ला आला आणि पुढचा ठरलेला कार्यक्रम १४:००:०० ला आहे. हातात १२ मिनिटं ४० सेकंद. स्टुडिओतला समारोप ४० सेकंद, म्हणजे १३:४८:०० झाले. गाणं ४:४५ चं, १३:५२:४५. जाहिराती २ मिनिटं, १३:५४:४५. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी एकाची दीड मिनिटाची माहिती, १३:५६:१५. उरले ३ मिनिटं ४५ सेकंद, आणि तेवढ्याच लांबीचं काही नेमकं मिळत नाही. इथे ५:१० ची सनईची धून घ्यायची आणि ती बंद फेडरवर १३:५४:५० ला सुरू करून द्यायची. माहिती संपली की १३:५६:१५ ला फेडर हळूच वर. धून मधूनच ऐकू येते, पण तिचा शेवट बरोबर दोनच्या ठोक्याला पडतो. ऐकणाऱ्याला सुरुवात कापल्याचं कळत नाही. शेवट कापला तर लगेच कळतं. धून बिनशब्दांचीच हवी, आणि अशा तीन-चार धुना लांबी लिहून बटणांवर तयार हव्यात.

हे गणित घड्याळावर उभं आहे, तेव्हा संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळत राहतंय ना, हे आदल्या दिवशी बघा. भिंतीवरचं घड्याळ बघून असा बॅकटाइम (शेवटाच्या वेळेपासून उलटा हिशेब) करणाऱ्याचं काही खरं नाही.

मैदानापासून स्टुडिओपर्यंतची लाइन हा यात्रेतला सगळ्यात नाजूक भाग. सिद्धेश्वर तलावाभोवती गर्दी जमली की मोबाइल डेटा मान टाकतो. रेंजच्या पाच काड्या दिसतात आणि आवाज मात्र तुकड्या-तुकड्यांनी येतो, कारण काड्या सिग्नल दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. जवळच्या घरातलं किंवा दुकानातलं केबल ब्रॉडबँड आधी बोलून ठेवा, सिम फक्त राखीव. ऑपस कोडेकमध्ये (आवाज लहान करून पाठवण्याची एक पद्धत) बोलण्याला आणि गर्दीच्या आवाजाला मोनो ६४ केबीपीएस भरपूर झाले. हट्टाने ३२० लावलं की अडखळण्याची शक्यता तेवढी वाढते. बफर, म्हणजे आवाज साठवून मग वाजवण्याची मुदत, अर्धा ते एक सेकंद ठेवा. आणखी एक अडचण आयत्या वेळी समोर येते: सिमवर, आणि कित्येक घरगुती जोडण्यांवरही, स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, त्यामुळे दोन्ही टोकं थेट एकमेकांना सापडत नाहीत. स्टुडिओत स्थिर आयपी घ्या, नाहीतर मधे भाड्याचा छोटा सर्व्हर ठेवून त्यावर आइसकास्ट (स्ट्रीम वाटणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि मैदानातून ‘बट’ या छोट्या प्रोग्रॅमने त्यावर आवाज पाठवा. आइसकास्टने काही सेकंदांचा उशीर होतो. एकतर्फी वर्णनाला तो चालतो, स्टुडिओशी प्रश्नोत्तरं करायला नाही.

मैदानातल्या निवेदकाच्या कानात काय जातंय, त्याकडेही बघा. त्याला स्टुडिओचा पूर्ण आवाज दिला तर स्वतःचंच बोलणं सेकंदभर उशिरा ऐकू येतं आणि चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. मिक्सरच्या ऑक्स सेंडवरून (प्रत्येक चॅनलचा आवाज वेगळा ठरवून बाहेर देणारी बाजूची वाट) सगळं पाठवा, फक्त मैदानाच्या चॅनलचा ऑक्स शून्यावर. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडर बंद असला तरी आवाज जाऊ देणारा, असावा, म्हणजे प्रक्षेपणाआधीही बोलता येतं. हा परतीचा आवाज साध्या फोन कॉलवर दिला तरी चालतो.

मंडपातून लाइन घेताना साउंडवाल्याला ‘मालक, मास्टरची नको, ऑक्सची द्या’ एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. मास्टर तो गर्दीप्रमाणे वर-खाली करतो आणि तेवढं सगळं तुमच्या प्रक्षेपणात उतरतं. त्याच्याकडून येते लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नल. ती माइकच्या भोकात घातली की आवाज फाटणारच, मग गेन कितीही कमी करा. जनरेटरवरच्या मंडपातून ५० हर्ट्झची घरघर आली तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन तोडायचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवावरचा आहे. आणि गर्दीसाठी स्वतःचा एक वेगळा माइक लावाच, फोमची टोपी घालून. मंडपाच्या लाइनीत संमती वाचन स्पष्ट येतं, पण ‘हर्र बोला हर्र’चा गजर येत नाही, आणि लोक रेडिओ लावून बसतात ते त्या गजरासाठी. त्या चॅनलला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे घुमणारे आवाज गाळणारं बटण) द्या आणि सरासरी पातळी अशी धरा की शिखरं उणे १० डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) आसपास राहतील. हलगी जवळ आली की वरची सगळी जागा लागते.

सायलेन्स डिटेक्टर, म्हणजे शांतता पकडून राखीव आवाज सुरू करणारी सोय, रोज उणे ४० डीबी आणि २० सेकंदांवर ठेवली तर बरी चालते. पण यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. अभिवादनाचा कार्यक्रम लाइव्ह असेल आणि दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं, तर एकविसाव्या सेकंदाला डिटेक्टर गाणं वाजवतो. त्या दिवशी मर्यादा १५० सेकंदांवर न्या, आणि मौनाआधी निवेदकाने मौनाचा उल्लेख करावा, म्हणजे ऐकणाराही केंद्र बंद पडलं असं समजणार नाही.

राखीव म्हणून दुसरा संगणक असेल तर छानच. नसेल तर जुन्या फोनमध्ये तीन तासांची एक फाइल भरा, विमान मोडवर टाका आणि मिक्सरच्या शेवटच्या चॅनलला जोडून ठेवा. लॉगचा संगणक अडकला तर फेडर वर करायला दोन सेकंद लागतात. यूपीएसवर संगणक आणि मिक्सर सगळे घेतात, राउटर आणि फायबरचा डबा विसरतात. मग वीज गेल्यावर स्टुडिओ जिवंत आणि मैदान मुकं. २०० वॉटचा भार असेल तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांवर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

लॉगवर बसणारा आणि बोलणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. दोघांत निरोपाचं वाक्य ठरलेलं हवं, आणि ते एरवी बोलण्यात न येणारं हवं. ‘आता स्टुडिओकडे’ हे वाईट वाक्य, कारण ‘आता स्टुडिओकडे जाण्याआधी आणखी एक’ असं निवेदक म्हणेपर्यंत समारोपाची धून सुटलेली असते. ‘संमती कट्ट्यावरून सध्या एवढंच’ हे चांगलं.

सगळं प्रसारण तीन महिने जपून ठेवणं सामुदायिक केंद्रांना बंधनकारक आहे. दिवसभराचं मोनो ६४ केबीपीएसने सुमारे ६९० एमबी होतं, ९० दिवसांचं ६२ जीबी. जुनी हार्ड डिस्क पुरते. हे रेकॉर्डिंग मिक्सरवरून न करता वेगळ्या रेडिओ संचावरून करा, म्हणजे हवेत खरंच काय गेलं तेच त्यात येतं. लाइव्ह आटोपल्यावर उठण्याआधी तीन गोष्टी: मोड परत ऑटोवर, डिटेक्टर परत २० सेकंदांवर, आणि काढून टाकलेल्या हार्ड वेळा उद्याच्या लॉगमध्ये आहेत ना, ते डोळ्यांनी बघणं. तिसरी राहिली तर ते रात्री कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कळतं.