आमची वाटचाल: झाळकामापासून डीईएफपर्यंत

वडिलांनी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत रेडिएटरचं काम सुरू केलं तेव्हा तांब्या-पितळेचे कोअर, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळ्या यायच्या. टाकी उपटायची, सळई घालून नळ्यांतला क्षार काढायचा, पुन्हा झाळायचं. जत, कवठेमहांकाळकडच्या बोअरचं पाणी पिलेलं मशीन लांबून ओळखू यायचं. पुढं अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले, झाळकाम बसलं आणि मी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव, विकायला लागलो. ती वर्षं बरी गेली.

एप्रिल २०२० ला ट्रकना धुराचा नवा नियम बीएस-६ लागू झाला, वर्षभरानं चाकांवरच्या कन्स्ट्रक्शन मशीनना तसाच स्टेज फोर. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची टाकी आली आणि आम्ही तिच्यात भरायचं डीईएफ ठेवायला लागलो; धूर साफ करायला सायलेन्सरच्या पाइपात फवारायचं हे शुद्ध युरियाचं पाणी. माल सर्टिफिकेटचा, प्लास्टिकच्या सीलबंद ड्रममधला. युरियाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तेव्हाच घेतला. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावायचं, मग काचेवर थेंब; रेघ ३२.५ टक्क्यांवर आली पाहिजे.

२०२१ च्या शेवटी चीननं युरियाची निर्यात आवळली आणि खरेदीचे भाव भडकले. नेमक्या त्याच वेळी आमच्याच शेडात हाताखाली शिकलेल्या एका पोरानं हायवेला टपरी टाकली आणि आमच्या निम्म्या दरात डीईएफ सुरू केलं. शेतीचा युरिया पाण्यात ढवळायचा, झालं. ड्रमला नळ तर पितळी! डीईएफला तांबं-पितळ चालत नाही, हे मीच त्याला शिकवलेलं. आणि गंमत अशी, की रिफ्रॅक्टोमीटर त्याच्या मालालाही ३२.५ दाखवायचा. त्या यंत्राला फक्त प्रमाण कळतं; बाययुरेट (युरियातली एक अशुद्धी), धातू, कडुनिंबाचं तेल कळत नाही. अनुदानाच्या युरियाला निंबाचा लेप असतो. ग्लासात ओतून उजेडात धरलं तर तवंग दिसतो. पण धरतंय कोण? निम्मे गिऱ्हाईक त्या टपरीवर गेले. वर हा सांगत सुटला, की आमच्याच मालानं इंजेक्टर, म्हणजे डीईएफ फवारणारी नोझल, जळतात.

त्याच्या बोलण्याला बळ मिळालं ते तासगावकडच्या आमच्या क्रशरवाल्या तात्यांच्या लोडरमुळं. ते डीईएफ फक्त आमचं वापरायचे आणि त्यांचाच इंजेक्टर गेला. लोडर पॉवर देईना. गावभर झालं. बँकेचा हप्ता थकला, दोन पोरं कामावरून कमी करावी लागली. तात्या मात्र फोनवर एवढंच म्हणाले, "आधी येऊन बघ तरी. शिव्या मग देतो."

गेलो. नोझलवर पांढरे खडे जमलेले, कोमट डिस्टिल्ड पाण्यानं धुतले. ड्रममधलं डीईएफ स्वच्छ. मग कूलंटची टाकी उघडली, तर पातळी खाली आणि आत लालसर गाळ. ड्रायव्हर रोज बोअरचं पाणी ओतत होता. सायलेन्सरच्या पाइपावर बसलेला तो इंजेक्टर कूलंटवरच गार राहतो, हे अर्ध्या मेकॅनिकना आजही माहीत नाही. कूलंट कमी, की इंजेक्टर भाजतो आणि बोल लागतो डीईएफला. सिस्टिम फ्लश केली, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी भरलं, नवा इंजेक्टर टाकला. तात्यांनी तो जळका इंजेक्टर ऑफिसात टेबलावर ठेवला आणि येईल त्या डंपरवाल्याला दाखवला. आमची जाहिरात तेवढीच.

आता विचारलं नाही तरी सांगतो. किल्ली बंद केल्या केल्या बॅटरीचा कट-ऑफ पाडू नका. पंप पाइपातलं डीईएफ मागं टाकीत ओढतो, त्याला दोन मिनिटं द्या. डीईएफचा ड्रम उन्हात नको. रंग जुळला म्हणून एका कूलंटमध्ये दुसरं ओतू नका, रंगावरून जात कळत नाही. कूलंटऐवजी साधं पाणी वापराल तर लायनरला (सिलिंडरच्या नळकांड्याला) बाहेरून भोकं पडतील, मग हेड उतरवायला या. आणि डीईएफ न भरताच मशीन चालावं म्हणून सेन्सरला फसवणारा डबा बसवून देणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

टपरी अजून आहे. डीईएफ मात्र ठेवत नाही आता. मागच्या महिन्यात त्यानं माणूस पाठवून आमच्याकडूनच कूलंटचे दोन कॅन नेले. उधारी मागत होता. रोख घेतले.