दुपारची पाळी भरली आणि रस्ते बंद झाले

२ जानेवारी २०१८, मंगळवार. आदल्या दिवशी पुण्याजवळ कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला अभिवादन करायला आलेल्या दलितांवर दगडफेक झाली, त्याचे व्हिडिओ सकाळपासून फोनवर येतच होते, पण त्याच्या निषेधाला लोक चेंबूरमध्ये इतक्या पटकन रस्त्यावर उतरतील असं आमच्या स्टाफरूममध्ये तरी कोणाला वाटलं नव्हतं. आमची शाळा चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यातली, मराठी माध्यम, दोन पाळ्या. सकाळची मोठी पोरं सुटून गेलेली आणि आमची प्राथमिकची नुकतीच आत आलेली, म्हणजे गडबड व्हायला याहून वाईट वेळ नाही.

हजेरी घेता घेताच कळलं की कुर्ला ते वाशी हार्बर लोकल बंद पडलीय, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे अडवलाय, आणि बाहेर दुकानांची शटरं धडाधड खाली येतायत. पंधरा मिनिटांत गेटवर ही गर्दी! "बाई, आमचा सोडा आधी", "अहो बाकीच्या शाळा सोडल्या", कोणी रडतंय, कोणी शिपाई मामांवर ओरडतंय. व्हॅनवाल्या काकांचा फोन आला की गाडी काढत नाही, काचा फोडतायत. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या घंटा द्या आणि सोडून मोकळे व्हा. मोठ्या बाई म्हणाल्या, घंटा अजिबात वाजवायची नाही, घंटा ऐकली की पोरं दप्तर उचलून पळतात, मग तुम्ही आवरणार का त्यांना? मला तेव्हाही ते पटलं आणि आजही पटतं, कारण सुट्टी जाहीर करायला एक मिनिट लागतं पण सात वर्षांचं पोर घरी कसं पोचणार ते त्या मिनिटात ठरत नाही.

मग असं केलं की सगळे वर्ग वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडक्या बंद, आणि खाली गेटपाशी पीटीचे सर एक वही घेऊन बसले. मुलाचं नाव, न्यायला कोण आलं, नातं काय, सही. मुलाने ओळखलं तरी घरी फोन केल्याशिवाय सोडायचं नाही. आता गंमत अशी की रजिस्टरमधले अर्धे नंबर पहिलीच्या प्रवेशाच्या वेळचे, कधीच बदललेले, मग मुलांनाच विचारायचं, तर त्यांना बरोब्बर मामाचा पाठ असतो.

वर पोरांना गोष्टी सांगून झाल्या, भेंड्या झाल्या, राहिलेली खिचडीसुद्धा परत वाढून झाली. चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, आपण कोणाच्या बाजूने?" मी म्हटलं, आपण आत्ता शाळेत आहोत, पाढे म्हण. दुसरं काय सांगणार, त्याच वर्गात सगळ्या घरांची पोरं बसलेली.

चार-साडेचारला एक बाबा आले, खांद्यावर निळा झेंडा, सरळ रास्ता रोकोमधून उठून आलेले. मुलगी तिसरीत. सही करून म्हणाले, नाक्यापलीकडच्या आमच्या गल्लीतली अजून असतील तर द्या, पलीकडे नेऊन सोडतो, माझ्यासमोर कोणी हात लावणार नाही. सर माझ्याकडे बघायला लागले. आम्ही एकेका घरी फोन लावला, ज्यांचे आईवडील हो म्हणाले तेवढीच मुलं दिली, एका आजीने नाही म्हटलं तर ते पोर ठेवून घेतलं. बाबा काही न बोलता थांबून राहिले. नंतर गच्चीवरून बघितलं तर ज्यांनी रस्ता अडवला होता त्यांनीच बाजूला होऊन या रांगेला वाट दिली. टीव्हीवर मात्र दिवसभर त्या फुटलेल्या काचाच.

शेवटचं मूल गेलं तेव्हा अंधार पडला होता. नेरुळ-पनवेलच्या बाईंना ट्रेन नाही, त्या जवळच्या एकीकडे राहिल्या.

बुधवारी प्रकाश आंबेडकरांनी महाराष्ट्र बंद पुकारलेला. सरकारने सुट्टी दिली नव्हती, बसवाले म्हणाले बस सोडणार नाही. म्हणजे कागदावर शाळा चालू! आम्ही जवळ राहणारे चालत गेलो, समोरच्या चाळीतली थोडी मुलं आली, त्यांना वरती चित्रं काढायला बसवलं. दुपारी उशिरा बंद मागे घेतल्याची बातमी आली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी नवीन फॉर्म छापले, दोन चालू नंबर आणि मुलाला कोणाकोणाकडे द्यायचं त्यांची नावं. एका पालकाने त्या रकान्यात "कोणीही चालेल" असं लिहून पाठवलं, त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावून घेतलं.