हराळीची समुद्रातली बहीण

वादळाने पानं उपटली तरी समुद्री गवत लगेच मरत नाही. वाळूतल्या आडव्या खोडात साखरेचा साठा असतो, त्यावर नवे कोंब फुटतात. आज चोपड्याला केळीच्या बागेत हराळी खणताना नानांना हे सांगत होतो. कुदळीने तुटलेल्या पांढऱ्या कांडीच्या पेरापेरावर डोळा! नाना म्हणाले, "म्हणजे समुद्रालाही हिचा जाच?"

जाच कसला, डुगाँग (समुद्रगाय) या समुद्री गवतावरच जगतो. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये तर एकच रोप १८० किलोमीटर पसरल्याचं २०२२ साली कळलं. (नानांना ही थापच वाटली.) पण त्याच खाडीत २०११ च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो चौरस किलोमीटर गवत गेलं. पाणी तापलं की साठा झपाट्याने खर्च होतो, त्यात गढूळपणा टिकला तर ऊन पोचत नाही आणि शेवटी खोडही कुजतं.