तुम्ही विचारलंत म्हणून: हालंड माझ्या टीममध्ये काय करतोय

मेव्हणा विचारतो, आमच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमधली (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, त्यांच्या खेळावर पॉइंट मिळतात) नवी पोरं विचारतात. परवा तर बारशाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता एकाने विचारलं, "तुम्ही मँचेस्टर युनायटेडवाले ना? मग तुमच्या फॅन्टसी टीममध्ये मँचेस्टर सिटीचा हालंड कसा?" वर हसला. एकदाच काय ते सांगून टाकतो.

मी 1999 पासूनचा युनायटेडवाला आहे. चॅम्पियन्स लीगच्या फायनलला कॅम्प नोवर आमच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायरने इंज्युरी टाइममध्ये बायर्नच्या तोंडचा घास काढला, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे दोन वाजत आले होते आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडत होतो. त्यामुळे निष्ठा वगैरे मला शिकवू नका.

एफपीएल (इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरचा हा फॅन्टसी खेळ) सुरू केलं तेव्हा माझा नियम कडक होता: सिटी आणि लिव्हरपूल या वैरी क्लबांचा एकही खेळाडू घ्यायचा नाही. घेणाऱ्यांना मी ग्रुपवर 'भाडोत्री' म्हणायचो, त्याचे स्क्रीनशॉट अजून फिरतात. मग 24 ऑक्टोबर 2021 उजाडला. आमच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलकडून 0-5, त्यांच्या सालाहची हॅटट्रिक, त्याचे 24 पॉइंट. आमच्या चौदा जणांत तो नसलेला मी एकटा. म्हणजे मॅचही गेली आणि आठवडाही गेला. त्या रात्री नियमात दुरुस्ती केली: घ्यायचं, पण युनायटेडविरुद्ध कॅप्टन (ज्याचे पॉइंट दुप्पट धरतात) करायचं नाही. पळवाट होती ती, मान्य. पण तुमच्याकडे याहून बरं काही आहे का?

आता 2 ऑक्टोबर 2022. डर्बी, म्हणजे सिटी विरुद्ध युनायटेड, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहा. त्याआधी युनायटेडने प्रीमियर लीगमध्ये लागोपाठ चार जिंकलेल्या. मी स्वतःला पटवलं की हालंड माझ्याकडे आहेच, फक्त या आठवड्यात कॅप्टन स्पर्सचा केन. आदल्या दिवशी आर्सेनलने स्पर्सला 3-1 हरवलं. केनची एक पेनल्टी, बाकी शुकशुकाट.

घरी घट बसलेले, सातवी माळ. हाफटाइमला 4-0: फोडेनचे दोन, हालंडचे दोन. पावणेआठला आईची हाक आली, आरतीला चल. गेलो. उजव्या हातात टाळ, खिशात फोन व्हायब्रेटवर. 'दुर्गे दुर्घट भारी' चालू असताना मांडीला गुरगुर जाणवली. गोल झाला एवढं कळलं, कुणाचा ते नाही. आणि तेवढ्या दोन कडव्यांत मी मनात काय मागितलं? युनायटेडचा गोल? नाही. हालंडचा? तोही नाही, माझा कॅप्टन केन होता. "फोडेनचा असू दे," एवढंच मागितलं. लाज वाटावी असं मागणं, तेही घटासमोर. आरतीचं ताट फिरवून झाल्यावर फोन काढला. हालंडच. हॅटट्रिक.

सामना 6-3. हालंडचे तीन गोल, दोन असिस्ट, बोनसचे तिन्ही पॉइंट: एकूण 23 पॉइंट. आमच्यातल्या नऊ जणांचा तो कॅप्टन, त्यांचे 46. मी दुसऱ्यावरून थेट सातवा.

आमच्या लीगचा निकाल दर मंगळवारी मीच लिहितो. कोण चढलं, कोण घसरलं, कुणाच्या बेंचवर किती पॉइंट कुजले, सगळ्यांची यथासांग खेचायची. त्या मंगळवारी खंडेनवमी होती. लोक हत्यारं पूजत होते आणि मी चौदा नावांचा तक्ता टाइप करत होतो. स्वतःच्या नावापुढे काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, 'निष्ठेचा बळी'. खाली पहिलं उत्तर आलं: "निष्ठा असती तर विकला असतास." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

विकला नाही हे खरं. त्या मोसमात तो 36 गोल मारून गेला, विकून काय करणार होतो? पोटदुखीवर औषध नसतं. तुम्ही म्हणाल, खोटी टीम आहे, एवढं काय. खोटी असती तर आरतीत देवीकडे मागितलं असतं का? ते मागणं मात्र खोटं होतं बहुतेक. की तेच खरं होतं? हे मी अजून ठरवतोय.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. 15 डिसेंबर 2024, सिटीचं मैदान इतिहाद, पुन्हा डर्बी, रात्री पावणेबाराच्या सुमारास. सिटी 1-0 पुढे, गोल ग्वार्डिओलचा, आणि तो माझ्या बचावात. 88व्या मिनिटाला आमच्या ब्रुनोने पेनल्टीवर गोल केला आणि माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आलं, गेले क्लीन शीटचे (एकही गोल न खाल्ल्याचे) चार पॉइंट. दोन मिनिटांनी आमच्याच आमादने दुसरा मारला तेव्हा मी असा ओरडलो की बायको दचकून उठली. तो ओरडा युनायटेडसाठीच होता, शपथ घेतो. आधीच्या दोन मिनिटांचं विचारू नका.