दुष्काळातली नाचाची गाणी

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेली लोकप्रिय गाणी. त्यांच्यावरचा एक जुना विनोद अमेरिकेत कुणीही ऐकवतो. गाणं उलटं वाजवलं तर काय होतं? बायको परत येते, कुत्रं जिवंत होतं, ट्रक चालू होतो आणि दारू सुटते. टेक्सासच्या उत्तर टोकाला, अमरिलोच्या बाजूला राहायला आल्यापासून मला या विनोदाची सत्यता दररोज पटते. मी काही हे संगीत हौसेने लावत नाही. टायर बदलायला जावं तर तिथे तेच, किराणा दुकानात तेच, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून पडावं तरी वर छतातून कुणीतरी ट्रकबद्दल गातच असतं.

मधेच मात्र एखादं जुनं गाणं लागतं आणि माणूस हातातली भाजीची पिशवी तशीच धरून उभा राहतो. अशा गाण्यांत दुःख म्हणून वेगळं काही नसतं. घरातल्या वस्तूंची यादी असते. लोरेटा लिन केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाची मुलगी, जन्म १९३२. तिच्या १९७०च्या गाजलेल्या गाण्यात रॉकेलचा दिवा आहे, कपडे घासायची पत्र्याची फळी आणि तिच्यावर सोललेली आईची बोटं आहेत, उन्हाळ्यातले अनवाणी पाय आहेत आणि हिवाळ्याच्या तोंडावर कॅटलॉगमधून मागवलेले बूट आहेत. त्या बुटांसाठी बाप डुक्कर विकून पैसे उभे करतो. गाणं इतकं लांबलं होतं की निर्मात्याने तिला काही कडवी कापायला लावली. त्या कापलेल्या कडव्यांत आणखी काय काय सामान असेल, याची मला अजून रुखरुख आहे. तिचा बाप १९५९ सालीच गेला. त्याला हे गाणं ऐकायला मिळालं नाही.

डॉली पार्टनचीही तीच तऱ्हा. टेनेसीच्या डोंगरातली बारा भावंडांतली ही चौथी. १९४६च्या जानेवारीत तिच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला बापाने फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर तिचं गाणं आहे. ते सुचलं तेव्हा ती दौऱ्याच्या बसमध्ये होती आणि कागद जवळ नव्हता, म्हणून तिने ते सहगायकाच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे उतरवलं. तो सूट कसला, तर टिकल्या-चमक्यांनी लखलखणारा, रंगमंचावरचा. चिंध्यांच्या कोटाला जागा मिळाली ती त्याच्या धुलाईच्या पावतीवर! एखाद्या कादंबरीत हे वाचलं असतं तर मी लेखकाला म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

आमच्या घरमालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचं माहेर डॅल्हार्टकडचं, म्हणजे १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांचं ऐन केंद्र. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाला भाव आला म्हणून इथलं गवताळ रान लोकांनी नांगरून काढलं, पुढे भाव पडले, पाऊस गेला आणि मोकळी झालेली माती उडाली. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी तर भर दिवसा हात दिसेना इतका काळोख झाला. बाई तेव्हा जन्मल्या नव्हत्या, पण त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटल्या पालथ्याच मांडायची रीत पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. वाढायला घेईपर्यंत उलटायच्या नाहीत. खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, त्या तासाभरात चिखलाने जड व्हायच्या, हे त्यांनी आईकडून ऐकलेलं. पिठाच्या पोत्याचे फ्रॉक मात्र त्यांनी स्वतः घातलेत. बायका पोत्यांचं कापड वापरतात हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी पोत्यांवर फुलं छापायला सुरुवात केली. एका फ्रॉकला एका पोत्याचं कापड पुरत नसे. मग त्याच फुलांचं दुसरं पोतं मिळावं म्हणून बापाला दुकानात थप्पीच्या तळातून पोतं काढायला लावायचं.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेली असताना रेडिओवर मर्ल हॅगार्डचं एक गाणं लागलं. कॅनव्हासच्या झोपड्यांची मजुरांची वस्ती, आणि सगळं दिसत असून काही मिळत नसलेले आईचे डोळे. मी कान देऊन ऐकत होते. बाई म्हणाल्या, "माझ्या आईला हे अजिबात चालायचं नाही. असलं गाणं लागलं की उठून बंद करायची. म्हणायची, हे मी केलंय, आता ऐकायचं कशाला?"

मी विचारलं, मग तुमची आई ऐकायची तरी काय?

"बॉब विल्स!" बाईंचा चेहराच उजळला. "आणि भांडी घासता घासता नाचायची."

बॉब विल्स हा याच भागातला. आमच्यापासून दोनेक तासांवर टर्की नावाचं चिमुकलं गाव आहे, त्याच्या बाजूला त्याच्या घरच्यांची कापसाची शेती होती. त्याने काही काळ गावात न्हाव्याचं दुकानही सांभाळलं. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. त्याच्या ताफ्यात गिटारींबरोबर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम असा सगळा लवाजमा असे आणि मधेच 'आ-हाऽऽ' करून तो स्वतः ओरडायचा. १९३४ पासून ओक्लाहोमातल्या टल्साच्या रेडिओवर त्याचा दुपारचा कार्यक्रम लागायचा, रात्री नाच. साल पाहा. शेतं उडून चालली होती, माणसं मोडक्या गाड्यांवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती आणि ओक्लाहोमा-टेक्सासमध्ये सगळ्यात जोरात चाललेलं संगीत होतं नाचाचं.

हे लक्षात आल्यावर मी बाकीच्या गाण्यांची सालं बघत गेले. जॉनी कॅशचं घर मिसिसिपीच्या पुरात सापडलं १९३७ साली. त्यावरचं त्याचं गाणं आलं १९५९मध्ये. हॅगार्डचे आईबाप ओक्लाहोमातलं कोठार जळाल्यावर कॅलिफोर्नियात आले. बापाने रेल्वेचा जुना डबा दुरुस्त करून त्यात बिऱ्हाड थाटलं, मर्ल त्यातच वाढला. ते मजुरांच्या वस्तीचं गाणं १९६९चं. लोरेटाचं १९७०, डॉलीचं १९७१. म्हणजे ज्यांनी भोगलं ते नाचाची गाणी मागत होते आणि पोरं मोठी झाली, पायांत बूट आले, दाराशी गाडी आली, तेव्हा त्यांना रडायला सवड मिळाली. नातवंडांना तर आणखीच. आजोबांच्या फाटक्या कोटाचं कौतुक करायला आपला कोट बऱ्यापैकी धड असावा लागतो.

नियम म्हणून हे सांगता येत नाही, हेही खरं. क्षयाने पोखरलेला जिमी रॉजर्स १९३१मध्ये आपल्या क्षयावरच गाणं म्हणून गेला आणि १९३३मध्ये त्याच रोगाने वारला. कार्टर कुटुंबानेही मंदी ऐन भरात असताना स्वर्गात मंदी नसते, असं गाऊन ठेवलंय. पण कार्टरांची बरीचशी गाणी त्यांच्याही आधीच्या पिढ्यांची होती. ए. पी. कार्टर व्हर्जिनियाच्या डोंगरात घरोघर फिरून ती गोळा करायचा. त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल, सिमेंटच्या कारखान्यात एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द लिहून घेई आणि चाल रिडलच्या डोक्यात राही. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. कंट्री संगीत जुन्या दिवसांबद्दल गळा काढतं तेव्हा त्या जुन्या दिवसांत रिडलसारख्यांना पुढच्या दाराने आत घेत नसत, हे कडवं कुणाला कापावंही लागलं नाही, कारण ते लिहिलंच गेलं नव्हतं.

आता माझ्या आजीकडे येते, कारण एवढ्या सगळ्या गाण्यांत मला दिसायची ती तीच.

आजी, म्हणजे आईची आई, माण तालुक्यातली. बहात्तरचा दुष्काळ तिने ऐन तारुण्यात, पदरात चार पोरं घेऊन काढला. मी शाळेत असताना तिला खोदून खोदून विचारायची, तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं, "व्हतं तसं व्हतं. त्यात सांगायसारखं काय हाय?" फार मागे लागलं तर एवढंच सांगायची की दुष्काळी कामावर खडी फोडली, पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडा मिलो. मिलोबद्दल मात्र ती भरभरून बोलायची. त्याची भाकरी थापायला घेतली की चिरा पडायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. "अमेरिकेत त्यो जनावरं खात्यात आन् आमाला धाडला," हे ती अशा आवाजात सांगायची की जणू अमेरिकेने तिला एकटीलाच गाठून हा अपमान केला होता.

खडी फोडताना बायका काय गायच्या, हेही मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, ओव्या, माहेरची आठवण, असं काहीतरी असेल. आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुकादमावर चावट गाणी रचायच्या म्हणे. तो हजेरी घ्यायला आला की एकीने पहिली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पुढची. तो गेला की पुन्हा घण. ती गाणी मात्र तिने मला शेवटपर्यंत सांगितली नाहीत. पुढे म्हातारपणी ट्रान्झिस्टरवरही तिला लावणी हवी असायची. विरहाचं, गरिबीचं काही लागलं की म्हणायची, "बदल त्ये. कोन मेलंय का घरात?"

जात्यावर ती ओव्या म्हणत असणारच, सगळ्याच म्हणत. पण त्या पहाटेच्या अंधारात जात्याला सांगायच्या, माणसाला नव्हे. पुढे १९८०च्या दशकापासून हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, तोवर गावात पिठाची गिरणी आली होती आणि बायका रिकाम्या जात्याशी बसून आठवून आठवून गात होत्या. माझ्या आजीपर्यंत कुणी पोचलं नाही. पोचलं असतं तर तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं, अशी माझी खात्री आहे.

तर इथे, अमरिलोच्या बाहेर, ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणती तांबडी कणसं उभी असतात. तोच मिलो. ज्वारीचीच जात, पण आपली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते आणि हा कमरेएवढाच, कारण तो यंत्राने कापायचा असतो. पहिल्यांदा गाडी कडेला लावून मी एक कणीस हातात चुरडून पाहिलं होतं. गोल, विटकरी दाणे, नखाने फोडले तर आत पांढरं पीठ. आजीची तक्रार खरी होती. इथे तो बहुतेक जनावरांच्याच खाद्यात जातो. मात्र शहरातल्या पौष्टिक खाण्याच्या दुकानात त्याच्या पिठाची एवढीशी पुडी ग्लुटेनविरहित म्हणून मांडलेली असते आणि तिची किंमत वाचली की मला हसू येतं. एकदा आणलीच ती पुडी. उकळीच्या पाण्यात पीठ मळलं, जपून थापली, तरी कडेने चिरा. दोन तुकड्यांत तव्यावर गेली.

भाजत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे माझ्या फोनवरची गाणी चालू होती. "हे कोण गातंय एवढ्या जड आवाजात?" आईने विचारलं. जॉनी कॅश होता, पुराचं गाणं. मी तिला सांगितलं, पोरगं आईला विचारतंय पाणी किती चढलं, आणि दर कडव्याला एकेक फूट वाढत चाललंय.

आई जरा थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडे उलटं होतं. तुझी आजी रोज सकाळी विहिरीत दोर सोडून बघायची, किती खाली गेलं ते. मी काठावरून विचारायची. मग ती दोराला गाठ मारायची. अर्धा परस, एक परस, म्हणजे अख्ख्या माणसाच्या उंचीएवढं. शेवटी नुसता दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा."

हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी गॅस बंद केला.

"मग? गेलं का त्यांचं घर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, पाणी ओसरल्यावर ते परत आले. पुराने काळी, कसदार माती आणून टाकली होती. पुढच्या वर्षी कापूस असा आला की विचारू नको, असं तो स्वतःच सांगायचा.

"नशीबवान," आई म्हणाली. "आमच्याकडे खडीचे ढीग उरले. रस्ता व्हायला पुढं मी दहावी झाले. आणि ती भाकरी जळतेय का बघ, कसली ती तांबडीलाल! ज्वारी मिळत नाही का गं तिकडे?"